माझे मनगट आणि टीव्हीची काच

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी, डहाणू रोडला लागून असलेल्या मसोलीतल्या आमच्या घरी, माझ्या उजव्या हातातून चहाचे पातेले पडले. भाजले नाही. हात दुखत नव्हता, बधिरही झाला नव्हता. पंजा मनगटापासून खाली लोंबत होता आणि वर उचलला जात नव्हता. बोटे मिटत होती, सरळ होत नव्हती.

आवाज ऐकून सासूबाई आत आल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग माझ्याकडे पाहिले.

"झोपेत अंगाखाली आला असेल," त्या म्हणाल्या. "चोळ जरा. येतो परत."

तो परत यायला पावसाळा उलटावा लागला. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होते. लग्नानंतर डहाणूला आले आणि त्याच दैनिकाचे जिल्हा पान घरून लावू लागले. बातमीदारांच्या बातम्या येतात, त्या कापायच्या, दुरुस्त करायच्या, मथळे द्यायचे. हे काम हाताने होते. त्या सोमवारी पान डाव्या हाताने पूर्ण केले. मंगळवारी ते उशिरा गेले. बुधवारी गेलेच नाही. हात परत आला नाही तर काम राहणार नव्हते. कार्यालयातून तसे कुणी म्हणाले नाही. म्हणायची गरज नव्हती.

पोटाचे दिवस

हात पडण्याआधी पोट दुखत होते. संक्रांतीनंतर सुरू झाले. बेंबीभोवती पीळ पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. पोट साफ होत नसे. तोंडाला सतत नाणे चोखल्यासारखी चव. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मी वेळेवर जेवत नाही, रात्रपाळीची जुनी सवय आहे, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या जागी मीही तेच लिहून दिले असते.

दुसरे एक लक्षण मी कुणाला सांगितले नाही, कारण ते लक्षण आहे हे मला कळले नव्हते. मला एका जागी बसवत नव्हते. खुर्चीतून उठायचे, ओट्यापर्यंत जायचे, कशासाठी आले ते विसरायचे, परत यायचे. बातमीतली एक ओळ वाचली की नजर पुन्हा त्याच ओळीच्या सुरुवातीला. पंख्याचा आवाज, शेजारच्या वाडीत चिकूच्या क्रेट आपटल्याचा आवाज, सासूबाईंच्या बांगड्या, सगळे अंगावर येई. एकदा मी त्यांना म्हणाले, "आई, जरा शांत बसा ना!" त्या तांदूळ निवडत होत्या.

जेवण जात नव्हते. जात होती ती फक्त पेज, आणि पेजेबरोबर त्यांची चटणी: ओले खोबरे, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिंच, पुढे कैऱ्या आल्यावर कैरी. मागच्या पडवीतल्या पाट्यावर त्या ती रोज ताजी वाटत. मिक्सरची चटणी त्यांना मान्य नाही. "तो चिखल असतो, चटणी नाही," असे त्यांचे मत आहे. मला ती चटणी सकाळ-दुपार-संध्याकाळ लागे. आंबटाने तोंडाची ती चव थोडा वेळ जायची.

निळी रेघ

हात पडल्यावर नवरा, हेमंत, मला वलसाडला घेऊन गेला. आमच्याकडचे बरेच लोक मोठ्या आजाराला मुंबईपेक्षा वलसाड जवळ करतात. तिथल्या डॉक्टरबाईंनी मनगट पाहिले, पोट दाबले, रक्त तपासायला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला लवकर आत बोलावले. त्यांनी बॅटरी घेतली आणि माझा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला.

"हेमंतभाई, इथे या. बघा."

हिरड्यांच्या कडेने निळसर-काळी बारीक रेघ होती. मी ती नंतर आरशात पाहिली. पेन्सिलीने ओढल्यासारखी.

"तुमच्या घरी धंदा कशाचा आहे?" त्यांनी विचारले. "बॅटरीचा? रंगाचा? सोनारकाम?"

हेमंतने माझ्या हिरड्यांकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाला, "ई-कचऱ्याचा."

"अच्छा," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पेन उचलले.

रक्तातल्या तांबड्या पेशींवर निळे ठिपके दिसले होते. शिशाची खास तपासणी मुंबईला पाठवावी लागली. ती आल्यावर शंका उरली नाही. शिसे पोटात जाते, रक्तात उतरते, तिथून हाडांत आणि मज्जातंतूंत. मनगट उचलणारी नस त्याला लवकर बळी पडते. माझ्या शरीरात लोह कमी होते, आणि लोह कमी असलेले शरीर शिसे जास्त ओढून घेते. आकडे मी इथे देत नाही. वॉर्डात दुसऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून पाहायची सवय लागते आणि तिचा कुणालाच उपयोग नसतो.

"हात परत येईल का?" मी विचारले.

"येतो, बहुतेक वेळा," त्या म्हणाल्या. "पण शिसे आत जायचे बंद झाले तर. नाहीतर मी इकडून काढणार, तुम्ही तिकडून भरणार."

परतताना गाडीत हेमंत एकच वाक्य बोलला: "शेड उद्यापासून बंद."

शेड

शेड तळासरीला आहे, महामार्गापासून आत. हेमंतचे डहाणू रोडला टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. घरोघरी सपाट पडद्याचे टीव्ही आले तसे जुने, मागे फुगीर असलेले टीव्ही लोक त्याच्या दुकानासमोर ठेवून जाऊ लागले. काहींनी पाठवतानाच सांगितले, परत नको. तेव्हा त्याने ही शेड घेतली आणि जुन्या वस्तू गोळा करून परवाना असलेल्या कारखान्याला पाठवायचे ठरवले.

अडचण काय आहे, ती त्याने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली होती. भंगारवाला टीव्ही दगडाने फोडतो, तांब्याची तार काढतो, सर्किट बोर्ड जाळून धातू काढणाऱ्याला विकतो आणि काच नाल्यात टाकतो. त्याला खर्च नाही. नियमाने काम करणाऱ्याला प्रत्येक गोष्टीला खर्च. कारखान्याची गाडी पूर्ण भरल्याशिवाय येत नाही, आणि डहाणू-तळासरीतून गाडी भरायला महिने जातात. बोर्ड, तारा, लोखंड कारखाना घेतो. पिक्चर ट्यूबची काच घेत नाही. पूर्वी त्या काचेच्या नव्या ट्यूब बनत, आता तसे टीव्हीच कुणी बनवत नाही. आणि तिच्यात, विशेषतः मागच्या नरसाळ्यासारख्या भागात, शिसे असते. म्हणून ती नाल्यात टाकता येत नाही, गाळता येत नाही, विकता येत नाही.

एकदा भिलाडचा एक व्यापारी शेड पाहायला आला होता. काचेचा ढीग पाहून तो हसला. "हेमंतभाय, ये तो तुम्हारा दहेज हो गया. कोई नहीं लेगा, घर में ही रखना पडेगा."

हेमंतने ती ठेवली. अख्ख्या ट्यूब एकीकडे, वाहतुकीत फुटलेल्यांचे तुकडे पोत्यांत, वर ताडपत्री. काम करायला कैनाडहून चार बायका येत. त्यांना हातमोजे, मास्क, जाण्याआधी हातपाय धुण्याची सक्ती. "काच फोडायची नाही," हा त्याचा रोजचा एकच पाठ होता. "फुटली नाही तर शिसे कुठे जात नाही."

माझा आजार कळल्यावर त्याने शेडला कुलूप लावले. बायकांना सांगितले, तपासणी होईपर्यंत काम नाही. त्यांच्यातली काशीताई सर्वांत जुनी. तिने विचारले, "आणि तपासणीत काय नाय निघला तर?"

वॉर्ड

शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध सलाइनमधून देतात. ते सुरू असताना पडून राहायचे असते. मला ते जमत नव्हते. मी स्टँड ढकलत वॉर्डात फेऱ्या मारायचे. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, पुन्हा खिडकी. शेजारच्या खाटेवर उंबरगावच्या एक वयस्क बाई होत्या, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या. त्या एक दिवस वैतागल्या.

"बेन, बेसो ने! तुम्ही चालता आणि चक्कर मला येते."

मी बसले. लगेच उठले.

"हिला चावी कोणी दिली?" त्यांनी नर्सला विचारले. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले आणि हसता हसता रडू आले, आणि का ते कळेना. डॉक्टरबाईंनी नंतर सांगितले की चिडचिड, रडू, झोप न लागणे, एका जागी न बसवणे यातले बरेचसे शिशाचे असते. ते ऐकून बरे वाटले. इतके दिवस मी ते माझ्या स्वभावात जमा करत होते.

मनगटाला आधाराची पट्टी बांधली. फिजिओथेरपी द्यायला येणारी मुलगी मूळची वाणगावची होती. ती माझा हात टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि पंजा उचलायला सांगायची. पंजा खाली वाकलेला राहायचा.

"ताई, टेबलाला किती नमस्कार करणार? जरा वर बघू द्या त्याला."

मी पूर्ण लक्ष लावायचे. खांदा हलायचा, कोपर हलायचे, दात आवळले जायचे. पंजा नाही.

औषध पूर्ण झाल्यावर शिसे खाली आले. मला घरी सोडले.

भस्म

घरी सासूबाईंनी माझी खोली बदलली, खिडकीजवळ खाट टाकली. शेडमधून हेमंतच्या कपड्यांवर धूळ येत असणार असे मानून त्यांनी घरातली प्रत्येक चादर उकळत्या पाण्यातून काढली. पेज आणि चटणी पुन्हा सुरू झाली. मला भूक लागू लागली होती. त्या ताटलीजवळ बसून पाहायच्या.

महिन्याने तपासणी झाली. शिसे पुन्हा वर गेले होते.

डॉक्टरबाईंनी दोन शक्यता सांगितल्या. एक, हाडांत साठलेले शिसे रक्तात परत उतरते, असे नेहमी होते. दुसरी, कुठूनतरी नवे आत जात आहे. फक्त रक्त पाहून या दोन्हींतला फरक सांगता येत नाही. "शेड बंद आहे ना? मग घर शोधा," त्या म्हणाल्या. रंग, विहिरीचे पाणी, कुंकू, कल्हईची भांडी, गावठी औषधे असे सगळे त्यांनी विचारले.

गावठी औषधावर हेमंतने मान वर केली. सासूबाई वर्षभरापूर्वी गुडघ्यांसाठी एका वैद्याचे भस्म घेत होत्या. पोट दुखू लागले तेव्हा त्यांनी मलाही ते दोन-चार वेळा दिले होते. घरी आल्यावर हेमंतने भस्माची बाटली मागितली.

"कशाला?"

"तपासायला द्यायची आहे."

"म्हणजे मी हिला विष घातलं?"

"आई, तसं कोण म्हणतंय?"

"तूच म्हणतोयस. एवढं मोठं विषाचं गोदाम बाहेर उघडून बसलास, आणि बाटली माझी तपासतोस."

बाटली तपासायला गेली. त्यानंतर सासूबाई आमच्या दोघांशीही कामापुरते बोलत. चटणी मात्र चुकली नाही. ताटली ठेवायच्या आणि तिथे न बसता निघून जायच्या.

भस्मात शिसे निघाले नाही. हेमंतने ते त्यांना सांगितले. त्या "बरं" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात शेडमधल्या चौघींच्या तपासण्या आल्या. चौघींचेही माझ्याहून पुष्कळ कमी. हेमंतचेही कमी. काशीताई मला भेटायला ताडगोळे घेऊन आली. खाटेपाशी बसून तिने माझ्या पट्टीकडे पाहिले.

"वहिनी, एक सांगा. आमी चौघी रोज तिथंच मरतंव. तुमी शेडमधी दिवाळीच्या पूजेला येता. मग तुमालाच कसा?"

हा प्रश्न माझ्याही डोक्यात होता. बातमीत असा प्रश्न आला असता तर मी बातमीदाराला परत पाठवले असते. घर शोधायला मात्र कुणाला पाठवायचे ते कळत नव्हते. मी पडल्या पडल्या खिडकीच्या गजांचा रंग, पाण्याचा नळ, चहाचे कप पाहत असे. प्रत्येक वस्तूवर संशय येऊ लागला की खोलीत राहणे कठीण होते. मी पुन्हा फेऱ्या मारू लागले.

किरकिर

मेमधला रविवार होता. दुपारचे जेवण. घरी आम्ही चौघे: सासूबाई, हेमंत, मी आणि माझा धाकटा दीर किरण. किरण डहाणू रोडला मोबाइलच्या दुकानात आहे. थट्टेखोर. आजारपणात घरात एकटा तोच नीट बोलत होता.

मी डाव्या हाताने पेजेत चटणी कालवून पहिला घास घेतला. दाताखाली कचकच झाली.

"आई, खोबऱ्यात करवंटी आली वाटतं."

"नाही आली," सासूबाई म्हणाल्या. "दोनदा पाहून घेतलंय."

"किरकिर लागते."

"पाट्याला परवाच टाकी लावून घेतली. नवी टाकी असली की दगडाचा चुरा येतो दोन दिवस."

किरण हसला. "दगडाचा कशाला असेल? माझ्या मांज्याची काच असेल, वहिनी. सांभाळून हां, आतून कापून निघाल."

सासूबाईंनी त्याला दटावले. "जेवताना काय अभद्र बोलतोस."

हेमंतने हातातला घास खाली ठेवला.

"कुठली काच?" त्याने विचारले.

इथे आमच्याकडच्या संक्रांतीबद्दल सांगायला हवे. गुजरात शेजारी असल्याने डहाणू-तळासरीत पतंग म्हणजे खेळ नसतो, इभ्रत असते. काचेच्या मांज्यावर बंदी असली तरी घराघरांत तो सुतला जातो. भाताची खळ करायची, तिच्यात रंग आणि कुटलेली काच घालून लुगदी करायची, ती हातात घेऊन दोऱ्यावरून ओढत न्यायची. काच जितकी बारीक आणि कडक तितका मांजा धारदार. बहुतेक मुले ट्यूबलाइटची किंवा सोड्याच्या बाटलीची काच वापरतात. मसोलीत गेली तीन वर्षे किरणचा मांजा कुणी कापला नव्हता. काच कुठली, ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर सगळ्यांनीच ती वापरली असती.

"कुठली काच, किरण?"

"अरे, तुझ्याच शेडमधली. फुटलेल्या ट्यूबच्या पोत्यातली. तिचं काय करणार होतास?"

"मागची की पुढची?"

"काय मागची-पुढची?"

"ट्यूबचा मागचा भाग की समोरचा पडदा?"

"मागचा. तो पातळ असतो. पटकन कुटतो." किरणच्या चेहऱ्यावरचे हसू अजून गेले नव्हते. "हातोडीने कुटायची आणि मग..."

तो थांबला. पडवीच्या दाराकडे पाहू लागला. सासूबाईही तिकडेच पाहत होत्या.

"मग काय?" हेमंतने विचारले.

"मग पाट्यावर वाटायची. मैद्यासारखी व्हायला लागते. मिक्सरचं पातं जातं." आणि लगेच, "मी धुवून ठेवायचो रे. दर वेळी. घासून."

माझ्या तोंडात तो घास तसाच होता. मी उठून मोरीत थुंकले. चूळ भरली, पुन्हा भरली, पुन्हा भरली. मागे हेमंत मोठ्याने बोलत होता. इतक्या वर्षांत मी त्याला भावावर हात उगारताना पाहिले नव्हते. त्या दिवशीही हात उगारलाच, लागला नाही. सासूबाई मध्ये उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात चटणीची वाटी होती. ती त्या कुठेच ठेवत नव्हत्या.

पाटा

ओल्या कापडाने पाटा पुसून ते कापड आणि वाटीतली चटणी हेमंतने प्रयोगशाळेत पाठवली. दोन्हींत शिसे निघाले. पाट्याला टाकीचे, म्हणजे छिन्नीने पाडलेले, बारीक खड्डे असतात. त्यांत काचेचे पीठ बसते, पाण्याने पूर्ण निघत नाही. चिंच-कैरीच्या आंबटाने त्यातले शिसे सुटते. घरात रोज तिन्ही वेळा ती चटणी खाणारी मी एकटी होते. सासूबाई तिखट कमी खातात, हेमंत आणि किरण डबा नेतात. किरणच्या रक्तातही शिसे निघाले, माझ्यापेक्षा कमी आणि औषध लागेल इतके नाही. माझा आजार पाट्यानेच झाला असे डॉक्टरबाईंनी लिहून दिलेले नाही. "सर्वांत संभाव्य कारण" असे त्यांचे शब्द आहेत.

सासूबाईंनी मला एकदाच विचारले.

"मी करायचे ती चटणीच होती का?"

मी खोटे बोलू शकले असते. "हो," म्हणाले. "पण तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू मागायचीस म्हणून मी जास्त वाटायचे," त्या म्हणाल्या, आणि पडवीत गेल्या.

त्या पाट्यापाशी बसल्या होत्या. तो त्यांच्या सासूचा. हेमंत आणि किरण, दोघांच्या पाचवीला तोच पाटा मांडून पुजला होता. हेमंत म्हणाला, फेकायला हवा. त्या म्हणाल्या, विहिरीत टाक. हेमंत म्हणाला, विहिरीत नाही, ते पाणी वाडीला जाते. शेतात पुरायचा तर तेच. भंगारवाला दगड घेत नाही. कुणाला द्यायचा तर तो त्यावर मसाला वाटणार. शेवटी सासूबाईंनीच विचारले, "तुझ्या त्या काचा ठेवतोस तिथे नाही का राहणार?"

त्यांनी पाटा आणि वरवंटा स्वतः जुन्या लुगड्यात गुंडाळला. हळदकुंकू लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

किरण महिनाभर मसोलीत दारोदार जात होता. संक्रांतीला त्याने मांज्याच्या फिरक्या मित्रांना, त्यांच्या भावंडांना दिल्या होत्या. परत मागताना तो कारण सांगायचा. काही जण हसले. एकाच्या आईने त्याला ऐकवले, "तीन वर्षं आमच्या पोरांची नाकं कापलीस, आता मांजा परत हवा?" पण कारण ऐकून फिरकी तिने दिली. मुलांना तपासून घ्या असे तो प्रत्येक घरी सांगत होता. किती जणांनी तपासले ते माहीत नाही. फिरक्या सगळ्या मिळाल्या नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी

पोटात पीळ, बद्धकोष्ठ, तोंडाला धातूची चव आणि कारण नसलेली चिडचिड असे एकत्र असेल, आणि घरात किंवा आसपास जुने टीव्ही, बॅटऱ्या, सर्किट बोर्ड फोडले जात असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. धंदा कोणता हे विचारतात. छंद कोणता हे कुणी विचारत नाही. घरातल्या प्रत्येकाला विचारा, लहानांनाही, आणि चढ्या आवाजात विचारू नका. आमच्याकडे उत्तर थट्टेत मिळाले. चौकशीला बसलो होतो तेव्हा मिळाले नव्हते.

त्यानंतर

जूनमध्ये औषधाचा दुसरा टप्पा झाला. त्यानंतरच्या तपासणीत शिसे उतरले आणि पुढच्या महिन्यात वर गेले नाही. जुलैमध्ये टेबलाच्या कडेवर मधले बोट उचलले गेले. वाणगावच्या त्या मुलीने ते पुन्हा करायला लावले, कारण पहिल्या वेळी ती दुसरीकडे पाहत होती. गणपतीत पट्टी निघाली. मी जिल्हा पान पुन्हा लावू लागले, आधी अर्धे, मग पूर्ण. एका जागी बसवते. नेहमी नाही.

सासूबाई आता मिक्सरवर चटणी करतात. स्वतः ती खात नाहीत. चिखल असल्याचे मत बदललेले नाही.

शेड पावसाळ्यात उघडली. काशीताई आणि इतर तिघी परत आल्या. फुटलेल्या काचेची पोती आता आतल्या खोलीत आहेत, तिला वेगळे कुलूप आहे. किरणने गोळा केलेल्या फिरक्या तिथेच, एका बंद डब्यात. पाटा-वरवंटा लुगड्यात, त्या डब्याशेजारी.

ऑक्टोबरमध्ये कारखान्याची गाडी आली. मी हेमंतबरोबर तळासरीला गेले होते. बायकांनी बोर्ड चढवले, तारांची बंडले, ट्रान्सफॉर्मर, लोखंडी सांगाडे. गाडीबरोबर आलेल्या माणसाने आतल्या खोलीत डोकावून पाहिले. काच घेणार नाही, असे त्याने सांगितले. लुगड्यातली वस्तू कसली, असे त्याने विचारले. हेमंतने सांगितले. तो म्हणाला, त्यासाठी त्यांच्याकडे कुठलाच रकाना नाही.

गाडी गेली. काच, फिरक्या आणि पाटा आतल्या खोलीत राहिले. त्या खोलीचे कुलूप मी लावले, उजव्या हाताने.